दसरूभाऊचं सोंडेचं जनावर

आमचा शेजारी दसरूभाऊ ट्रॅक्टरला दावं लावून खुंट्याला बांधायचा. रोज संध्याकाळी, अगदी बैलाला बांधतात तसा, गाठ ओढून बघून. मी एकदा म्हटलं, "दसरूभाऊ, लोखंड आहे ते. पळून कुठं जाईल?" तर म्हणाला, "नवं जनावर हाय, भाऊ. रुळलं नाई अजून."

आता खरं सांगायचं तर ते एकदा पळालं होतं. उतारावर उभं करून हा पाणी प्यायला घरात गेला, आणि ते जे निघालं ते माझं कुंपण मोडून थेट माझ्या वांग्यांच्या वाफ्यात. तेव्हापासून त्या दाव्याला मी हसलो नाही. उलट, गाठ पक्की आहे का ते मीच बघून यायचो.

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. आमच्या सावली भागातल्या गावांत ट्रॅक्टर आला म्हटलं की लोक जेवण टाकून धावत. रस्त्याच्या कामावरच्या एका ठेकेदारानं चांद्याला आपलं सामान विकायला काढलं होतं. दसरूभाऊ गेला बियाणं आणायला आणि आला हे घेऊन. बुटका ट्रॅक्टर, मागे लांब लोखंडी हात, हाताला दाते असलेला पंजा. तो मातीत रोवायचा, ओढायचा, उचलायचा. गावानं पहिल्याच दिवशी त्याला सोंड म्हटलं. शिकवायला आलेला ड्रायव्हर अर्धा दिवस शिकवून, कोंबडीचं जेवण हाणून जो गेला तो गेलाच.

हा खटाटोप होता सोनाबाईसाठी. दसरूभाऊची थोरली बहीण. वैनगंगेच्या काठावर दिली होती, जन्म मासे धरण्यात गेला. नवरा वारला तसा दसरूभाऊ तिला घरी घेऊन आला. पण बाईचं मन लागेना. नदीकाठी झोपडीच्या दारात पाणी; इथं तलाव गावाच्या पार पल्याड, आणि तिचे गुडघे तर उठतानाच बोलत. दोन घास खायची आणि ओसरीत बसून राहायची. शेवटी तिनं सांगून टाकलं, "मिरग लागला का मी जातो आपल्या घरी." एकटी, साठीची बाई, पुराच्या दिवसांत नदीकाठी!

दसरूभाऊची बायको केव्हाच गेलेली, मुली सासरी. मला म्हणाला, "बाई गेली तं मी बोलू कोनासंगं? मशिनीसंगं?" मग म्हणाला, "परसात बोडी खोदतो. दारात पानी आलं का रुळन बाई." म्हणजे घरामागे छोटं तळं, आणि तेही मिरगाच्या पावसाआधी.

शिकणं मात्र बघण्यासारखं होतं. जन्मभर बैल हाकलेला माणूस. चालू करताना जिभेनं टकटक करायचा. थांबवायचं झालं की ब्रेक राहिला बाजूला, "हो... हो..." म्हणत कासरा ओढावा तसं स्टिअरिंग छातीशी ओढायचा. ट्रॅक्टर भाताच्या तणसाच्या ढिगात घुसून थांबला की खाली उतरून त्याच्या बोनेटवर थोपटायचा. "भेलं बिचारं," म्हणायचा.

सोंडेचे दांडे त्याच्या ध्यानात राहीनात. मग त्यानं त्यांना नावं दिली. थोरला, मधला, धाकला आणि जावई. थोरला हात खाली करायचा, मधला ओढायचा, धाकला पंजा वळवायचा. जावई सोंड डावी-उजवीकडे फिरवायचा. "याले हात लावाले भेव लागते, भाऊ. कवा कुनीकडे फिरन, नेम नाई." एकदा तो जावई असा फिरला की वाळत घातलेलं धोतर सोंडेला अडकून निशाणासारखं फडफडायला लागलं. ओसरीत बसलेल्या सोनाबाईनं तोंडाला पदर लावला. मी बघितलं ना! हसलीच ती. दसरूभाऊनंही बघितलं, आणि त्या दिवशी अंधार पडेपर्यंत खोदत राहिला.

मिरगाच्या तोंडावर बोडी झाली. काढलेली माती जावयानं जिकडे टाकली तिकडे पडली, तिचीच चहूबाजूंनी उंच पार, म्हणजे बांध, झाली. दसरूभाऊनं ती चोपून गुळगुळीत केली. सारं गाव बघायला आलं. वाहवा झाली. तेवढ्यात सोनाबाई काठी टेकत आली, पारीवर चढली, एक फेरी मारली.

"दसरू," ती म्हणाली, "यात पानी येईन कुठून?"

"वरून."

"अन् मासा? तो बी आभाळातून पडन?"

इतके दिवस आम्ही सारे सोंड बघत होतो. चारी बाजूंनी बंद कढई झाली होती, परसामागच्या पावसाळी नाल्याच्या पाण्याला आत यायला वाटच नव्हती, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. चढणीचा मासा तर पहिल्या पावसात नाल्याच्या पाण्यातूनच येतो.

सोनाबाईनं नाल्याच्या बाजूला काठी रोवली. "इथी फोड."

इतक्या कष्टाची पार फोडायची! पण दसरूभाऊ मुकाट ट्रॅक्टरवर चढला. ती खाली उभी राहून सांगत होती. "हळू. अजून थोडं. नाई, इकडे घे. बस." जावई त्या दिवशी सरळ वागला. इतकं बोलताना मी तिला, ती आल्यापासून, पहिल्यांदाच ऐकलं.

मिरग लागला. नाला भरला, पाणी त्या वाटेनं आत वळलं, आणि एका सकाळी मासेही चढले. सोनाबाई लुगडं खोचून वाटेच्या तोंडाशी हातजाळं घेऊन बसली होती. गाठोडं बांधायचं नावसुद्धा तिनं काढलं नव्हतं, आणि दसरूभाऊची विचारायची हिंमत नव्हती. तो नुसताच पारीवर उभा. मी माझं कुंपण बांधत होतो.

जाळ्यातला मासा टोपलीत टाकत ती म्हणाली, "लई उथळ केलं रे. पुढच्या साली अजून खोल करा लागन."

"काय म्हनलं, बाई?"

"पुढच्या साली, म्हनलं. मशिनीपायी बहिरा झाला का तू?"

दसरूभाऊनं मान हलवली. मग तो पारीवरून उतरला, माझ्या कुंपणापाशी आला आणि एक मेख धरून उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"भाऊ, तुमी बी आयकलं ना? काय म्हनली ते?"

"पुढच्या साली म्हणाली."

"अजून एक डाव सांगा."

मी सांगितलं.