परळीपर्यंतची भिंत

आमच्या गल्लीत टँकर आला की लोक घागरी घेऊन पळायचे आणि साळवेकाका छडी घेऊन. टँकर थांबायचा दूध संघाच्या बंद पडलेल्या केंद्रामागे. त्या केंद्राच्या लांबलचक भिंतीवर एक चित्र होतं, आणि रांगेतल्या लोकांना ते दाखवायचं काम काकांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. "मागं सरका, भिंतीला टेकू नका!" ही त्यांची पहिली आरोळी. बीडच्या उन्हात तासभर ताटकळलेल्या बाईला भिंतीला टेकू नको म्हणणारा माणूस गल्लीत किती आवडता असेल, ते तुम्हीच ओळखा.

साळवेकाका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सारी नोकरी बीड-परळी गाडीवर गेली. आता घरात एकटेच, मुलगा पुण्याला. भिंतीवरचं चित्र कॉलेजच्या मुलांनी काढलं तेव्हा केंद्र चालू होतं. पुढे दुष्काळ पडला, जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि केंद्राला कुलूप लागलं. भिंत तेवढी राहिली. चित्रात बीडहून निघालेला रस्ता, त्यावर लाल एसटी, मग वडवणीचा बाजार, मग तेलगावचा ऊस. आम्हाला ते चित्र वाटायचं, काकांना तो त्यांचा रस्ता वाटायचा. त्यामुळे ते चित्र दाखवत नसत, चित्रातून आपल्याला घेऊन जात.

"चला, बीड सुटलं. टपावर काय हाय बगा. शेळी! पोरानं टपावर शेळी बसीवली. कावून? आज बाजार हाय." चार पावलं पुढे गेलं की, "वडवणी. गाडी थांबंल जरा. च्या घ्यायचा आसंल त्यानं घ्या."

"काका, च्याला पानी तर येऊ द्या आदी!" रांगेतून शबानाभाभी एकदा ओरडल्या. सगळी रांग खदखदून हसली. काकाही हसले आणि गाडी तेलगावच्या दिशेला निघाली.

एकदा कुणाची तरी शेळी येऊन भिंतीवरचा ऊस चाटायला लागली. एरवी पोरांना बोट लावू न देणारे काका, आम्हाला वाटलं आता छडी उगारतात. पण ते कंबरेवर हात ठेवून कौतुकानं बघत राहिले. "चाटू द्या. तिला कळतंय. तुमालाच कळंना."

त्यांचं दुखणं एकच होतं. शेवटपर्यंत कुणी येत नसे. आपला नंबर आला की माणूस घागर भरून चालू पडायचा. कुणी वडवणीला गळायचं, कुणी फार तर तेलगावला. "आवो, परळी ऱ्हायली की!" काका मागून हाका मारायचे. डोक्यावर भरली घागर असताना कोण वळून बघतंय? "सगळी नोकरी झाली, एक पॅसेंजर कवा मधी उतरीवला न्हाई मी," ते मला एकदा म्हणाले, "आन हितं सगळेच मधी उतरत्यात." हे बोलताना त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. मी मात्र मनात म्हटलं, घ्या, याला म्हणतात रिकामं डोकं.

त्याच उन्हाळ्यात दूध संघाची निवडणूक लागली. संघात थेंबभर दूध नव्हतं, पण संचालक व्हायला निघालेले उदंड होते. एका पॅनेलची माणसं चुन्याची बादली घेऊन भिंत धरायला आली. त्यांची निशाणी होती छत्री.

"दुष्काळात छत्री?" काका छडी आडवी धरून उभे राहिले. "आदी पाऊस आना, मंग छत्री आना."

"काका, भिंत संघाची हाय. तुमची हाय का?"

चुन्यात ब्रश बुडला तसे काका एकदम म्हणाले, "माझ्या घराची घ्या. रस्त्यावर हाय, लई लोक बगत्यात."

संध्याकाळपर्यंत काकांच्या दारालगत पुरुषभर उंचीची छत्री उभी राहिली. ज्या पुढाऱ्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या, त्यांचीच निशाणी घरावर! गल्लीला चघळायला विषय मिळाला. म्हातारपणी माणूस असाच भ्रमिष्ट होतो, असं मीही दोघी-तिघींना सांगितलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. नळाला पाणी आलं आणि टँकर बंद झाला. "लई ब्येस झालं," काकाही म्हणाले. पण टँकरच्या वेळेला ते छडी घेऊन भिंतीपाशी उभे दिसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचे आणि लोक हात हलवून निघून जायचे. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पाहिलं, काका एकटेच भिंतीशी बोलत होते. मी काही फार हळवी नाही, पण बादली तिथेच ठेवली आणि ओल्या हातांनीच खाली गेले.

"काका, मला परळी दाखवा."

त्यांनी मला बीडपासूनच सुरुवात करायला लावली. मधून बसलेलं त्यांना चालणार नव्हतं. वडवणी गेली, तेलगावचा ऊस संपला आणि तिथे चित्रही संपलं. पुढे नुसता उघडा गिलावा होता. पोरांचा रंग तिथेच संपला असणार.

काका मात्र थांबले नाहीत. त्यांनी गिलाव्यावर छडी टेकवली. "आली परळी. हे ष्टँड. ही कँटिन, बंद झाली आता. आन हे बाकडं." त्यांचा आवाज कंडक्टरचाच होता, पण जरा हळू झाला होता. "हितं बसलीय बगा, डबा घिऊन. आमी तवा परळीलाच ऱ्हायचो. गाडीला किती बी उशीर हू द्या, ही हितंच. माझ्याआदी कवा जेवली न्हाई."

काकी मी पाहिल्याच नव्हत्या. आम्ही या गल्लीत यायच्या आधीच त्या गेल्या होत्या. मी भिंतीकडे बघत राहिले. गिलाव्याला एक तडा गेला होता, बाकी काही नव्हतं.

"दिसली का?" काकांनी विचारलं.

"दिसली," मी म्हणाले. आणि उगाच पुढे बोलले, "हिरव्या लुगड्यातली ना?"

"न्हाई वो वैनी," काका म्हणाले. "जांभळ्या. नीट बगा."