आइस्क्रीमची घट

फोन वाजला म्हणून डेपोमास्तर आइस्क्रीमची वाटी टेबलावर ठेवून उठले, आणि परत येऊन बघतात तर वाटीतलं आइस्क्रीम निम्मं झालेलं.

"याला कोणी हात लावला?"

"अहो, कोण लावतंय? वितळलं ते," सौ. म्हणाल्या.

"वितळलं ते दिसतंय मला. गेलं कुठं ते विचारतोय. काठोकाठ होतं. आता वाटी अर्धी रिकामी आहे." त्यांनी वाटी दिव्याखाली धरली आणि तिरपी करून बघितली. "म्हणजे उरलेली सगळी हवा होती. दुकानदारानं आपल्याला हवा विकली."

डेपोमास्तर हे त्यांचं नाव नव्हे, पण त्या नावाखेरीज त्यांना हाक मारलेली कुणाला आठवत नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी इंधनाच्या डेपोत काढली. टाकीच्या तोंडातून मापाची सळई तळापर्यंत सोडायची, वर ओढायची, ओल कुठवर आली ते बघायचं, सळई पुसायची आणि पुन्हा सोडायची, हे त्यांचं काम. एका मापावर विश्वास ठेवायचा नाही, हा डेपोचा नियम होता. कुठल्याच मापावर ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा. टँकरचा ड्रायव्हर हसून बोलायला लागला की टाकीत माल कमी आहे असं समजायचं, हेही ते अनुभवानं शिकले होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना घड्याळाऐवजी एक छोटी पितळी सळई भेट दिली, वर बारीक खुणा कोरलेली. ती दिवाणखान्यातल्या कपाटात काचेमागे उभी असे.

सध्या त्यांच्या घरात हसून बोलणारा एकच माणूस होता, तो म्हणजे जावई.

लेकीनं लग्न स्वतःच्या पसंतीनं केलं होतं. नव्या घराच्या फरश्या बसवायचं काम रेंगाळलं, म्हणून दोघं तात्पुरते इथे राहायला आले होते. जावई भूल देणारे डॉक्टर. "माणसाला झोपवून पोट भरतो, आणि उठल्यावर त्याला काही आठवत नाही," असं त्यांच्या धंद्याचं वर्णन डेपोमास्तरांनी सौ.जवळ केलं होतं. शिवाय जावई जेवायचे कमी आणि प्रत्येक पदार्थाला छान म्हणायचे. जो माणूस सगळ्यांसमोर कमी खातो तो एकट्यानं कुठंतरी खात असला पाहिजे, हे डेपोमास्तरांच्या लेखी उघड होतं.

त्यात येत्या रविवारी व्याही आणि विहीणबाई जेवायला यायचे होते, लग्नानंतर पहिल्यांदाच. विहीणबाई तोंडानं नावं ठेवत नसत. आवडलं नाही की ताट हलकेच दोन बोटं पुढे सरकवत, आणि ते सरकलेलं ताट पुढे वर्षभर नातेवाइकांत फिरत राही. लेक वडिलांना एकटं गाठून म्हणाली, "बाबा, मला या घरात आणि त्या घरात दोन्हीकडे मान वर करून राहायचंय. एवढा एक दिवस नीट जाऊ द्या."

"जाऊ द्या म्हणजे? मी स्वतः लक्ष घालतो," डेपोमास्तर म्हणाले.

लक्ष घालायचं म्हणजे पाहुण्यांना विकतची हवा वाढायची नाही, आइस्क्रीम घरी करायचं. डेपोमास्तर आणि सौ. यंत्र घ्यायला दुकानात गेले. विक्रेत्यानं आधी मोठं यंत्र दाखवलं, स्वतःच थंडी तयार करणारं. "काका, हे घ्या. यात सगळं आपोआप होतं."

"आपोआप होतं म्हणजे आत काय चाललंय ते दिसत नाही."

मग त्यानं लहान यंत्र काढलं. त्याचं भांडं आधी फ्रीजरमध्ये गोठवायचं, मग त्यात मिश्रण ओतून वरची मोटर लावायची. झाकण पारदर्शक होतं, हे डेपोमास्तरांना पटलं. त्यांनी भांडं उचलून कानाशी हलवलं. आत काहीतरी खळखळलं.

"यात पाणी शिरलंय."

"नाही काका, दोन भिंतींच्या मधे द्रव भरलेलं असतं. ते गोठलं की खळखळ थांबते. खळखळ थांबली की भांडं तयार."

"कसलं द्रव?"

"थंडी धरून ठेवणारं," विक्रेता हसून म्हणाला.

तो हसला तिथेच पंचाईत झाली. डेपोमास्तरांनी एकूण एक खोका उघडायला लावला, प्रत्येक भांडं कानाशी हलवलं आणि सगळ्यांत जास्त खळखळणारं निवडलं. "यात माल पुरेपूर भरलाय," ते बायकोला हळूच म्हणाले.

पहिला प्रयत्न फसला. भांडं फ्रीजरमध्ये होतं खरं, पण खळखळ थांबली का हे ऐकायला डेपोमास्तर ते सारखं बाहेर काढत होते.

"असं काढून काढून हलवलंत तर ते गोठणार कधी?" सौ.नी विचारलं.

"आणि न हलवता गोठलंय की नाही कळणार कसं?"

त्या दिवशी आइस्क्रीमऐवजी गार दूध तयार झालं. सगळ्यांनी ते पेल्यातून प्यायलं. जावई म्हणाले, "छान झालंय." याला छान म्हणणारा माणूस काहीही करू शकतो, अशी नोंद डेपोमास्तरांनी मनात केली.

दुसऱ्या खेपेला सौ.नी भांडं मटाराच्या पिशव्यांखाली दडवलं आणि डेपोमास्तरांना बँकेच्या कामाला पाठवलं. भांडं दगडासारखं गोठलं. विहीणबाईंना कॉफी आवडते म्हणून लेकीनं कॉफीचं मिश्रण केलं होतं. ते यंत्रात घोटता घोटता फुगून झाकणाला टेकलं, तसं घरातलं वातावरण एकदम हलकं झालं. भांडं पुन्हा पुन्हा गोठवत, एकामागून एक घाणे काढून सौ.नी स्टीलचा उभा डबा काठोकाठ भरला आणि सवयीनं वजनकाट्यावर ठेवला. डब्यासकट बरोबर दीड किलो.

"वजन काय, भाजीवालासुद्धा करतो," डेपोमास्तर म्हणाले. "पातळी बघ. काठाला भिडलीय."

आणि कपाटातली पितळी सळई त्यांनी काचेमागून बाहेर काढली.

पहिलं माप समाधानकारक होतं. संध्याकाळच्या मापात पातळी किंचित खाली दिसली, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. थंडीनं माल आकसतो, तेवढी घट डेपोतही मान्य असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी आणखी उतरली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दुपारी पुन्हा उतरली, तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

मग पहारा सुरू झाला. डबा बाहेर काढायचा, ओट्यावर ठेवायचा, चष्मा शोधायचा, सळई तळापर्यंत सोडायची, वर ओढून खूण वाचायची. एका मापावर विश्वास नाही, म्हणून पुन्हा सोडायची, आणि दोन मापं जुळली नाहीत तर आणखी एकदा. संशय जसजसा वाढला तसतशी मापंही वाढली, आणि जसजशी मापं वाढली तसतशी पातळी झपाट्यानं खाली गेली. चोर बिलकुल भीत नाही, उलट चिडून जास्त खातोय, असा डेपोमास्तरांनी अर्थ लावला. त्यांनी फ्रीजरच्या दाराला बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा चिकटवला. दोरा प्रत्येक वेळी शाबूत असायचा, तरी पातळी कमी. "हात साफ आहे," ते स्वतःशी म्हणाले. गुंगी देणाऱ्या माणसाचा हात साफ असणारच.

शनिवारी जावई ड्युटीवरून आले. त्यांच्या शर्टाच्या बाहीवर तपकिरी डाग होता. डेपोमास्तर जवळ गेले आणि वास घेतला.

"कॉफी?"

"हो बाबा. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सांडली."

"सांडली," डेपोमास्तर म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं.

डबा ओट्यावर आला. सळई आत गेली, बाहेर आली. आइस्क्रीम चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं.

"मी कुणाचं नाव घेत नाही," ते जावयाकडे बघत म्हणाले. "पण या घरात आम्ही दोघं इतकी वर्षं राहतोय, कधी काही कमी पडलं नाही. आता पडतंय. एवढंच सांगतो."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. जावई पहिल्यांदाच हसले नाहीत.

"मी खाल्लं नाही, बाबा," ते शांतपणे म्हणाले. "पण तुम्हाला तसं वाटत असेल तर इथे राहणं बरं नाही. हॉस्पिटलची खोली मिळते. आम्ही तिकडे जातो. आईबाबांना मी काहीतरी सांगेन, उद्या येऊ नका म्हणून."

लेक आतल्या खोलीत गेली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. तो आवाज डेपोमास्तरांनी तिच्या लग्नानंतर एकदा ऐकला होता आणि तेव्हा त्यांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पण पातळी खाली होती त्याला ते तरी काय करणार?

सौ.नी वजनकाटा ओट्यावर ठेवला.

"वजनानं काय होणार आहे?"

"तुम्ही गप्प बसा जरा." त्यांनी डबा काट्यावर चढवला. "भरला तेव्हा दीड किलो होता. आता एक किलो चारशे आहे. दोन बोटं आइस्क्रीम गेलं असतं तर काटा कितीतरी खाली यायला हवा होता."

"मग पातळी का उतरली?"

"त्या दिवशी तुमच्या वाटीतलं आइस्क्रीम निम्मं झालं, तेव्हा कोण खायला आलं होतं? हवा गेली, असं तुम्हीच म्हणालात ना? यंत्रानं यातही हवा घोटलीय. तुम्ही डबा बाहेर काढता, चष्मा हुडकत बसता, ते मऊ पडतं, वरून सळई खुपसता. हवा निघून जाते आणि ते खाली बसतं. पुन्हा काढता, पुन्हा बसतं."

बॅगेचा आवाज थांबला होता. लेक दारात येऊन उभी राहिली. डेपोमास्तरांनी डब्यात बघितलं. आइस्क्रीमच्या अंगावर सळईची भोकंच भोकं होती. उष्णतेनं आणि थंडीनं मालाची पातळी बदलते, हे त्यांनी डेपोत नवीन आलेल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"ठीक आहे. हवा गेली. पण शंभर ग्रॅम? वजनातले शंभर ग्रॅम कुठं गेले? हवेला वजन नसतं."

सौ.नी काटा पुन्हा वाचला. शंभर ग्रॅम म्हणजे वाटीभर आइस्क्रीम. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. डेपोमास्तरांच्या चेहऱ्यावर जरा रंग परतला.

तेव्हा लेकीनं विचारलं, "बाबा, डेपोत माप घेताना दर वेळी सळई पुसायचात ना?"

"पुसावीच लागते. नाहीतर पुढचं माप चुकतं."

"कशानं पुसायचात?"

"फडक्यानं. डेपोत फडकं बांधलेलंच असायचं कमरेला."

"आणि इथे?"

हातातल्या सळईच्या टोकाला आताच्या मापाचं कॉफीचं आइस्क्रीम चिकटलेलं होतं, आणि ती सळई, त्यांच्या नकळत, अर्ध्या वाटेवर तोंडाकडे निघालेली होती. सगळ्यांचे डोळे त्या सळईवर होते. फडक्याला पुसून चांगला माल वाया घालवणं त्यांना कधीच जमलं नसतं.

"प्रत्येक मापाला?" सौ.नी विचारलं.

"प्रत्येक मापाला," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. मग जावयाकडे वळले, पण बघितलं जमिनीकडे. "जावईबापू, चोर सापडला. माझं चुकलं. फार चुकलं. बॅग परत ठेवा."

रविवारी विहीणबाईंनी पहिला चमचा आइस्क्रीममध्ये घातला आणि तो वाकला. हवा गेल्यामुळे आइस्क्रीम विटेसारखं घट्ट झालं होतं. विहीणबाईंनी दुसरा चमचा मागून घेतला, हळूहळू एक घास खाल्ला आणि वाटी पुढे सरकवली.

"आणखी थोडं वाढ गं," त्या सुनेला म्हणाल्या. "विकतच्यात नुसती हवा असते. असं घट्ट आइस्क्रीम मी आजवर खाल्लं नाही. कसं केलंस?"

लेकीनं वडिलांकडे बघितलं. मधेच जावई सासऱ्यांकडे हात करून म्हणाले, "आई, ते बाबांचं काम आहे. ते जातीनं त्यातली हवा काढतात."

"अहो, तुम्ही नाही घेतलंत?" व्याह्यांनी डेपोमास्तरांना विचारलं.

"मी माझा वाटा आधीच घेतलाय," डेपोमास्तर म्हणाले. सौ.ना ठसका लागला.

पाहुणे हात धुवायला उठले, तेव्हा जावयांनी कपाट उघडून पितळी सळई आणली आणि डब्यासकट सासऱ्यांपुढे धरली.

"तळाचं माप राहिलंय, बाबा."

आणि ते हसले. हसणारा माणूस दिसताच डेपोमास्तरांनी सवयीनं डब्यात डोकावून बघितलं. माल खरोखरच संपत आला होता. त्यांनी सळई घेतली, तळाशी नीट फिरवली, खूण वाचली आणि घरच्या सगळ्यांदेखत चाटून पुसली.

"पुन्हा घेऊ?" त्यांनी विचारलं. "एका मापावर विश्वास ठेवता येत नाही."