सडक अर्जुनीच्या वेतननिश्चितीची मोहीम

श्री. सकळ लिपिकवर्ग व शिपाईवर्ग यांस विदित व्हावे की, सडक अर्जुनीच्या एका कचेरीत बढतीउपरांत वेतनवाढीकारणे जो संग्राम जाहला, तो घडला तैसा लिहितो. पदरचे तिखटमीठ घातले नाही.

राजश्री चैतरामजी पटले, कुडवेकर, वीस वर्षे आस्थापनेचे दप्तर राखून दिवाळीस वरिष्ठ लिपिक जाहले. मनसब वाढली, खुर्चीस हात आले आणि कचेरीने जिलेबी वसूल केली. परंतु पगार जुनाच. मग होळी आली, तरी जुनाच. तेव्हां कुटुंब प्रेमिलाबाई यांचा हुकूम सुटला की, "मोठे बाबू झालो म्हणून गावभर सांगून राहिले, अन् पगार काऊन नाही वाढून राहिला जी?" घाव वर्मी लागला.

चैतरामजींनी अर्जदास्त लिहून आवकेत टाकिली आणि ती गठ्ठ्यात मिसळून आस्थापनेच्या, म्हणजे त्यांच्याच, मेजावर आली. हात वीस वर्षांचा तयार! नाव न वाचिता शेरा मारिला की, विकल्पपत्र नाही, त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे. मग साहेबांनीही न वाचिता शिक्कामोर्तब केले.

तिसरे रोजी शिपाई देवकाबाई खलिता घेऊन आल्या. चैतरामजी वाचून खवळले, "कोन गधा बसला आहे आस्थापनेत?"

देवकाबाईंनी कोपऱ्यातील चैतरामजींचीच आद्याक्षरे बोटाने दाखविली. मग म्हणाल्या, "माजा बी अर्ज असाच तीनदा वापस आला जी. सफाईवरून शिपाई झाली, दोन साल झाले. थो विकल्प का रायते, कोनी सांगतलाच नाही."

वाढ बढतीच्या तारखेपासून घ्यावी की जुलैपासून, इतके महिन्याचे आत लिहून देणे, यास विकल्प म्हणती. चैतरामजी जुने शेरे आठवू लागले. किती जणांचे अर्ज असे परतविले, गणती नाही! लाज वाटली, खरीच वाटली.

मग त्यांनी देवकाबाईंस समोर बसवून, विचारून विचारून, दोन विकल्पपत्रे भरिली आणि हुजुरांपुढे गेले. साहेबांनी फर्माविले की मुदत गेली, दोन्ही नामंजूर. तेव्हां चैतरामजींनी कलम उपसली आणि लेखी दिधले की, मुदत कळविणे आस्थापनेचे काम, आस्थापनेने कळविले नाही, आणि आस्थापना म्हणजे मीच. साहेबांनी दोन्ही विकल्पांवर मंजुरीची सही केली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. जुलैचे पगारपत्रकी दोन्ही वाढी चढल्या, देवकाबाईंची आधी. मात्र हयगयीबद्दल चैतरामजींस समजपत्र द्यावे, ऐसाही हुकूम निघाला. त्याचा मसुदा रिवाजाप्रमाणे आस्थापनेने, म्हणजे चैतरामजींनीच, लिहिला. आणि या खेपेस नाव वाचून लिहिला.