समुद्रात दोन हात

आमच्या शेजारच्या सिद्धप्पांची कपडे वाळत घालायची दोरी इतकी सैल, की त्यांचं ओलं धोतर निम्मं अंगण झाडून काढी. "साकु री, पुरे आता! एकदा ओढून बांधा की!" त्यांच्या पत्नी गौरव्वा करवादायच्या. सिद्धप्पा ढिम्म. "दोन हात सोडावंच लागतंय."

सोलापुरात जमिनीखालच्या विजेच्या केबली जोडण्यात त्यांचा जन्म गेला. जोडाशेजारी दोन हात जास्तीची केबल ते वेटोळं करून पुरायचे. जमीन खचली तरी जोड निघू नये म्हणून. सात रस्ता चौकाखाली त्यांची किती वेटोळी निजलीत, देव जाणे! पण हाच नियम घरालाही? शेळीचं दावंसुद्धा दोन हात जास्त. ती माझी मेथी फस्त करी. तक्रार केली की म्हणत, "मास्तर, जीव घुसमटतोय की तिचा!"

मी भूगोल शिकवतो, हे माझंच दुर्दैव. नॉर्वे आणि डेन्मार्क समुद्राखालून केबल टाकून एकमेकांना वीज देतात, असं एकदा बोलून गेलो. झालं! रोज संध्याकाळी स्वारी ओट्यावर हजर.

"समुद्रात दोन हात सोडत्यात का?"

"पुस्तकात दिलेलं नाही हो."

"मग कसलं पुस्तक ते!"

आठव्या दिवशी मी वैतागलो. "तुमचा बसवराज डेन्मार्कलाच आहे ना? विचारा त्याला!"

बोललो मात्र, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापलेकांत चार वर्षं पत्र नव्हतं.

"त्याला लई आवळून धरलं मास्तर," ते हळूच म्हणाले. "नोकरी मी सांगंल ती, पोरगी मी सांगंल ती. गेला निघून." मग घसा खाकरून, "तुमी लिवा. नुसतं केबलचं इचारा."

मी तेवढंच लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचलं, "अप्पा, केबल टाकणाऱ्या जहाजावरच्या माणसाला गाठून विचारलं. ताणून टाकत नाहीत, सैलच सोडतात. आई कशी आहे? दिवाळीला येऊ का?"

"बघा! म्हणलं न्हवतं?" सिद्धप्पा गल्लीभर ओरडले. गौरव्वा पदर तोंडाला लावून दारातच बसल्या.

"काय लिहू?" मी विचारलं.

"ये म्हणावं. लगेच ये." धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून ते म्हणाले, "परत कवा जाणार, ते मातर इचारू नका. दोन हात सोडावंच लागतंय."