बिनचित्रांचे पत्ते

रागिणीचे टॅरोचे पत्ते कढीत पडले आणि तिथून सगळं बिनसलं. तिने ते पुसून वाळवून पाहिले, पण त्यांना हळदीचा वास यायचा, आणि हळदीच्या वासाचं भविष्य कोण ऐकून घेणार! म्हणून तिने ऑनलाइन नवे मागवले. ते इतके स्वस्त मिळाले तेव्हाच शंका यायला हवी होती. डबी उघडली तर सूर्य, चंद्र, राजा, राणी सगळे झकास रंगवलेले. पण आकड्यांच्या पत्त्यांवर चित्रच नाही. नुसते पेले, तलवारी, नाणी नाहीतर काठ्या, आकड्याप्रमाणे ओळीने मांडलेल्या.

"हे त रमीचे पत्ते होय," सासरे जानराव म्हणाले. "वाटू काय?"

रागिणीने टॅरो शिकवणाऱ्या मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, आकडा पाहायचा, वस्तू पाहायची आणि दोन्हींचा मेळ घालायचा. बोलायला काय जातं! जुन्या पत्त्यांवर तीन बाया पेले उंचावून नाचताना दिसायच्या, की रागिणी ठासून सांगायची, घरात आनंद आहे. आता नुसत्या तीन पेल्यांतून आनंद कुठून काढायचा?

सावकाश शिकायला वेळही नव्हता. रविवारी नणंदेला, पायलला, पाहायला अकोल्याचे पाहुणे येणार होते, आणि सासूबाई वच्छलाबाईंचा सुनेच्या पत्त्यांवर पक्का भरवसा होता. हरवलेली कुडी मोरीत सापडेल असं रागिणी एकदा बोलून गेली होती आणि ती खरंच मोरीत सापडली होती. तेव्हापासून पत्ता विचारल्याशिवाय त्या गहूसुद्धा दळायला टाकत नसत.

पायलने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. "वैनी, पत्ता कोनता बी निघो, तुमी चांगलंच सांगजा. मले हेच ठिकान पाह्यजे." तिचे डोळे भरून आले होते. आजवर आलेल्या प्रत्येक मुलात खोट काढणारी ही पोरगी नुसत्या फोटोवर एवढी भाळली, याचं रागिणीला नवल वाटलं. पण पोरीची दयाही आली.

पत्ता निघाला तो नेमका तीन पेल्यांचा.

"आनंद हाये, आई!" रागिणी घाईने म्हणाली.

"कायचा आनंद? तीन हायेत ते," वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. "तीन पोळ्या आपन कोनाच्या ताटात वाढतो काय? अन् अकोल्याहून बी तिघंच येऊन राह्यले. पोरगा, माय अन् बाप."

"मंग चौथा म्हनून एक खडा घेऊन येतीन ते," जानरावांनी तोडगा काढला. तिघं शुभकामाला निघाले की सोबत खडा घ्यायचा, ही रीत अख्ख्या घराला माहीत होती. वच्छलाबाईंनी लगेच मुलाच्या आईला, माणिकबाईंना, फोन करून तसं सांगितलं.

पलीकडून माणिकबाई फणकारल्या, "खडा कायले? आमच्या घरी मानसाईचा दुष्काळ हाये काय?"

रविवारी दोन गाड्या भरून माणसं उतरली. आत्या, मावश्या, काका, आणि एक गृहस्थ तर कोणाचे कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. खुर्च्या शेजारून आणाव्या लागल्या. दह्यात भिजवलेला गिला वडा पहिल्याच पंगतीत संपला आणि जानराव स्कूटरवरून पुन्हा चौकात पळाले.

माणिकबाई मात्र वड्याने विरघळणाऱ्या नव्हत्या. "आमी तिघं तुमाले जड झालो होतो म्हने?"

"मी नाई वो, पत्ते म्हने," वच्छलाबाईंनी सरळ सुनेकडे बोट दाखवलं.

"असं? मंग माह्यासमोर काढा पत्ता. जमत नसन त आमी हे चाल्लो."

स्वयंपाकघराच्या दारात पायलने पडदा घट्ट धरला. समोर स्वप्निल, म्हणजे नवरा मुलगा, रुमालाने मान पुसू लागला. रागिणीने देवाचं नाव घेऊन पत्ता उलटला. सात तलवारी. जुन्या पत्त्यांवर इथे एक माणूस तलवारी उचलून चवड्यांवर पळताना दिसायचा. अर्थ सरळ होता. कोणीतरी चोरून काहीतरी करतंय.

"हे म्हंजे..." ती अडखळली.

"सात ना?" वच्छलाबाई पुढे सरसावल्या. "मंग त्यात काय इचार करून राह्यली? सात म्हंजे सप्तपदी. अन् नवरदेवाच्या हाती कट्यार राह्यतेच, लिंबू टोचलेली."

माणिकबाईंनी बोट ठेवून तलवारी मोजल्या. "लिंबू नाई दिसून राह्यलं यात."

"लिंबू आपन लावू ना, ईनबाई!"

‘ईनबाई’ ऐकून, लग्नाआधीच विहीण झालेल्या माणिकबाईंना हसू फुटलं आणि सगळी बैठक एकदम बोलू लागली. पायल चहाचा ट्रे घेऊन आली. कोण्या मावशीने तिला शेजारी बसवून तिच्या हातातही एक कप दिला.

"तिले नोका देऊ तो," स्वप्निल सवयीने बोलून गेला. "ती बिनसाखरेचा घेते."

गलक्यात ते कोणाला ऐकू गेलं नाही, एका रागिणीशिवाय. पायलने साखर सोडली होती ती दिवाळीनंतर, आणि ते अजून तिच्या आईलाही माहीत नव्हतं. रागिणीने नणंदेकडे पाहिलं. नणंद पंख्याकडे पाहू लागली.

"काय वं रागिणी," वच्छलाबाईंनी ऐटीत विचारलं, "बराबर सांगतलं ना मी?"

"तुमी बी बराबर, आई," रागिणी म्हणाली, "अन् पत्ता बी."