सहावा देव तापट हाये

आमच्या शेजारचे डोमाजी काकाजी व्हिडिओ गेम खेळतात, याचं आता आंधळगावात कोणाला नवल राहिलेलं नाही. नवल आहे ते त्यांच्या वीराचं. टीव्हीतला तो वीर अंगात चिलखत चढवून, पाठीला तलवार लावून डोंगर चढतो, वाटेत दोन-चार राक्षस लोळवतो आणि वर देवळाची पायरी आली की थांबतो. मग काकाजी खेळातली पिशवी उघडतात, वीराचे लोखंडी जोडे काढतात आणि पायरीखाली ठेवतात. वीर अनवाणी आत जातो.

"खेळ इंग्रजांचा असन," काकाजी म्हणतात, "पाय तं आपले हायेत."

जोडे काढा असं खेळ बनवणाऱ्यांनी कुठंच सांगितलेलं नाही. उलट जोडे काढले की वीराची ताकद कमी होते, तसं कोपऱ्यातल्या लाल पट्टीवर दिसतं. मी हे त्यांना तीनदा समजावून सांगितलं. एकदा देवळातून बाहेर पडताच झुडपातून लांडगा आला आणि त्यानं अनवाणी वीराला जागच्या जागी संपवलं. मला वाटलं, आता तरी म्हातारा शहाणा होईल. काकाजी शांतपणे म्हणाले, "देवाच्या दारात गेला. चांगलं मरण आलं त्याले." आणि पुन्हा पायथ्यापासून डोंगर चढायला लागले.

पुढे एक दिवस ते सकाळीच आमच्या दारात उभे. चेहरा असा, की मला वाटलं घरात बारसं आहे.

"मास्तर, जोडे चोरीले गेले."

"कोणाचे?"

"वीराचे. देवळाबाहेरून. आता खरं देऊळ झालं ते."

त्या खेळात माकडाएवढी हिरवी जनावरं हिंडतात आणि खाली पडलेली वस्तू उचलून नेतात, एवढीच गोष्ट होती. पण काकाजींनी ती बातमी चौकापर्यंत पोचवली. दोन दिवस गावात लोक एकमेकांना कोणते जोडे, कसले जोडे म्हणून विचारत होते. तिसऱ्या दिवशी मात्र काकाजी थोडे उतरलेले दिसले. म्हणाले, "चोरीले गेले ते ठीक. पण ते जोडे आपले नव्हते ना, मास्तर."

ते कोणाचे होते हे मला ठाऊक होतं. सांगतो, पण आधी माणूस नीट पाहून घ्या.

डोमाजी काकाजी विणकर. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी कोशाच्या रेशमाची लुगडी विणली. गुडघे गेले तसा माग थांबला. माग समोरच्याच खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा, असं ते काम. आता त्या खड्ड्यावर फळ्या टाकून टीव्ही ठेवला आहे आणि काकाजी जुन्याच बैठकीवर बसून खेळतात. त्या खेळण्याची बटणं त्यांना महिनाभरात वश झाली. डावा अंगठा एक करतो, उजवा दुसरं करतो, आणि डोळे तिसरीकडेच असतात. विणकराला यात काय नवीन?

मी जिल्हा परिषद शाळेत मास्तर. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. खेळातली सगळी बोलणी इंग्रजीत लिहून येतात आणि काकाजींचं इंग्रजीशी कधी पटलं नाही, त्यामुळे भिंतीवर मूठ आपटली की मी जायचं, असा रिवाज पडला.

"हा बुढा काय म्हणून राहिला, पाहा बरं."

बुढा म्हणजे देवळातला पुजारी. मी वाचून सांगतो, "तो म्हणते, वाटसरू, ज्योत सगळं ध्यानात ठेवते."

"मंग माहा चष्मा कुठं ठेवला तेवढं विचार त्याले."

काकाजी अंघोळ केल्याशिवाय खेळाचं यंत्र सुरू करत नाहीत. सोमवारी राक्षस मारत नाहीत. त्या दिवशी वीर नुसती फुलं तोडतो. देवळाला पाच प्रदक्षिणा घातल्याशिवाय आत पाऊल ठेवायचं नाही. एकदा तिसऱ्या फेरीला वीर मागच्या भिंतीत अर्धा घुसून अडकला, तर अर्धा तास खेळ बंद पाडून त्यांनी मला शाळेतून बोलावणं पाठवलं. आतल्या देवीवर त्यांचा एकच राग आहे, तो म्हणजे तिच्या लुगड्याचा. "काठाले काठ नाही जुळला, मास्तर. देवीले असं नेसवतेत का? चित्र काढणाऱ्यानं कधी माग पाह्यलाच नसन."

देवळात सात दिवे आहेत. सहा पेटलेले, सातवा विझलेला. पेटलेल्या प्रत्येकाखाली दगडात बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली. काकाजींनी ठरवून टाकलं की ही त्या सहा देवांची नावं. मग वाचता येत नसली म्हणून काय झालं, त्यांनी आपल्या मनानं देव ओळखले. पहिली अंबाबाई, दुसरी लक्ष्मी, चौथा गणपती, पाचवा मारुती. तिसरा कोण ते कळलं नाही, पण तो गुडघ्यांना पावला असा त्यांचा अनुभव होता, म्हणून त्याच्यापुढे जास्त वेळ. आणि सहाव्याची ज्योत सारखी फडफडायची.

"हा सहावा देव तापट हाये," ते हळू आवाजात सांगत. "याच्यापुढं जास्त बोलू नोको." वीरानं सोमवारी तोडलेली सगळी फुलं या सहाव्यापुढे जात.

मी दारातच खुर्ची टाकून बसायचो. आम्ही विहारात जाणारी माणसं, आमच्या घरात देव्हारा नाही. काकाजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तुले हात जोडाचे नसन तं नोको जोडू. फक्त टीव्हीच्या मंधातून जाऊ नोको, देवाले अडचण होते." मीही जरा ताठ्यातच होतो. पुजाऱ्याचं बोलणं वाचून देईन, तुमच्या देवांत मी पडणार नाही, असं म्हणून टाकलं. ती दगडावरची अक्षरं मी कधी जवळ जाऊन वाचलीच नाहीत. या ताठ्याचं पुढे मला फार वाईट वाटलं.

आता जोड्यांचं. खेळ, यंत्र, वीर, जोडे, सगळं वनिताचं. काकाजींची एकुलती एक पोरगी. सातवीत माझ्याच वर्गात होती. नागपुरास इंजिनिअर झाली आणि तिला बेंगळुरूत नोकरी लागली. काकाजींच्या मनात होतं की पोरीनं बीएड करावं, तुमसरला शाळेत लागावं आणि संध्याकाळी घरी यावं. आठवडाभर घरात धुसफूस चालली. शेवटी काकाजी म्हणाले, "जाचं असन तं जा. मंग माह्याशी बोलाचं काम नाही."

ती गेली त्या दिवशी काकाजी मागावरून उठले नाहीत. तेव्हा माग चालू होता. पोरगी बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि ते धोटा फेकत राहिले. मीच तिला बसवर सोडून आलो.

याला दोन वर्षं झाली. तिचा फोन येतो तो आईला. ती विचारते, बाबा कसे आहेत? काकाजी खोलीतून ओरडतात, "कामात हाये म्हणून सांग." काकूजी फोनवर सांगतात, "कामात हायेत. राक्षस मारून राहिले." पण पोरीला ती चेष्टा वाटते. दिवाळीला ती चार दिवस आली, तेव्हा बापलेक काकूजींच्या मार्फत बोलले. भाजी पाहिजे का विचार बाबांना, चहा झाला का विचार तिला, असं. आणि यंत्रावर काकाजींनी कोशाचं फडकं झाकून ठेवलं होतं. जसं काही त्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

मी एकदा विचारलं, "काकाजी, काहून खेळता हे?"

"ताणा लावलेलं लुगडं अर्धं सोडत नाहीत, मास्तर. आमच्यात ज्याच्यानं नाही झालं त्याचं घरातला दुसरा पुरं करते. पोट्टीनं अर्धं सोडलं. कोणीतरी पुरं कराले पायजे."

एवढंच बोलून ते राक्षसाच्या मागे लागले. मला त्यात सगळं समजलं.

गेल्या रविवारी सकाळी भिंतीवर मूठ आपटली, पण नेहमीसारखी दोनदा नाही, सात-आठदा. मी चहा तसाच टाकून गेलो. काकाजी बैठकीवर उभेच. अनवाणी वीर देवळात सातव्या दिव्यासमोर उभा होता. सहा दिव्यांनंतरचा सगळा अवघड प्रवास काकाजींनी वर्षभर घासून पुरा केला होता. पडद्यावर एक चौकोन आला होता आणि त्यात रेघ लुकलुकत होती.

मी वाचलं. "हा दिवा कोणाच्या नावानं लावता, ते लिहा म्हणते."

काकाजी विचारात पडले. "आधीचे सहा वाच बरं. कोणता देव राहिला ते समजन."

तेव्हा मी पहिल्यांदा खुर्ची सोडली, चष्मा लावला आणि टीव्हीला नाक लावून वाचायला लागलो.

"पहिला... आजी."

"आजी कोणती देवी?"

"देवी नाही, काकाजी. आजी. वनितानं लिहिलं हे. तुमची आई." मी दुसऱ्याकडे सरकलो. "दुसरा... आई."

काकूजी पोळपाट सोडून, पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"तिसरा... मोती."

मोती म्हणजे त्यांचा कुत्रा. चार वर्षांपूर्वी म्हातारा होऊन गेला. काकाजी ज्या देवापुढे गुडघ्यांसाठी उभे राहत तो हा. काकूजी हसता हसता खालीच बसल्या. "वर्षभर कुत्र्याले हात जोडले तुम्ही," त्या म्हणाल्या. काकाजी जरा ओशाळले, पण म्हणाले, "पण पावला ना."

चौथा दिवा सुषमाचा, वनिताच्या शाळेतल्या मैत्रिणीचा. आणि पाचवा, मी वाचला आणि पुन्हा वाचला. तिथं लिहिलं होतं, गुरुजी. वर्षभर ज्या देवळाच्या दारात मी खुर्ची टाकून ताठ बसलो होतो, तिथं आत माझ्या नावाचा दिवा जळत होता. मला चष्मा काढून पुसावा लागला. काकूजींनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आणि सहावा?" काकाजी म्हणाले. "तो तापट?"

"बाबा," मी म्हणालो.

नावाखाली बारीक तारीख आणि वेळ होती. ती वाचताच ओळखली, कारण तो दिवस मला पाठ होता. ती गेली तोच दिवस, सकाळचे नऊ. बस दहाची होती. म्हणजे इकडे काकाजी तोंड फिरवून धोटा फेकत होते, तेव्हा आतल्या खोलीत पोरगी त्यांच्या नावाचा दिवा लावून बसली होती. मग उठली, आणि दारात येऊन उभी राहिली.

काकाजी बैठकीवर बसले. पायाखाली पावड्या नव्हत्या, फळ्या होत्या, पण त्यांचा पाय सवयीनं दोनदा दाबला गेला.

"याच्यापुढंच म्या सगळ्यात जास्त फुलं वाह्यली," ते म्हणाले. "तापट म्हणून."

"तापट तं हायेच," काकूजी म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या.

काकाजींनी यंत्राची बटणं माझ्या हातात दिली. "लिही, मास्तर. वनिता." मी एकेक अक्षर शोधून लिहिलं. सातवा दिवा लागला, देवळातली घंटा वाजली आणि बुढा पुन्हा आपलं ज्योतीचं वाक्य बोलून गेला. या खेपेला काकाजींनी त्याला चष्म्याचं विचारलं नाही.

"फोन लाव तिले."

काकूजींनी लावला आणि त्यांच्या हातात दिला. तिकडून आवाज आला, "हां आई, बोल." दोन वर्षांचं बोलणं साचलेलं, त्यातलं कोणतं आधी काढावं ते त्या माणसाला सुचेना. "आई? हॅलो?" पोरगी म्हणाली.

"वनू," काकाजी म्हणाले, "माह्यानं तुझे जोडे चोरीले गेले."

मग अगदी बारीक आवाजात तिनं विचारलं, "बाबा... लोखंडी वाले?"

"हो ना. देवळाबाहेर काढून ठेवले होते."

"बाबा, देवळाबाहेर काहून काढले?" आणि ती हसायला लागली, की रडायला लागली, ते फोनवर नीट कळलं नाही. काकाजींनाही कळलं नसावं, कारण ते बाहीनं डोळे पुसत मोठ्यानं सांगत होते की नवे जोडे घेऊन देतो, फक्त कुठं भेटतात ते सांग.

मी उठलो. आता तिथं माझं काही काम नव्हतं. बाहेर येऊन चपला घालत होतो, तेव्हा मागून काकाजींचा आवाज आला.

"डावीकडून काहून? डावीकडं तं तो मोठा राक्षस बसला हाये. तू ये ना इकडं, मले दाखव."