जिफाकोनची शिरगणती

कोणताही देश समजून घ्यायचा तर आधी भूगोल, मग अर्थव्यवस्था आणि शेवटी लोकसंख्या शिकावी. क्रम बदलला तरी देश समजतो, पण परीक्षेत गुण मिळत नाहीत.

आमच्या गांबियाचा भूगोल सोपा आहे. मध्ये नदी, नदीला दोन काठ, काठ संपले की सेनेगल. ही सीमा तोफेने ठरवली, असं आमच्याकडे सांगतात. नदीतून गोळा उडवला. पडला तिथे देश संपला. (गोळा कोणाच्या शेतात पडला आणि त्याला भरपाई मिळाली का, याबद्दल भूगोल मौन पाळतो.) मुलांना मात्र नकाशा फार आवडतो. एक गांडूळ काढलं की पैकीच्या पैकी.

अर्थव्यवस्था भुईमुगावर उभी आहे आणि अतायावर बसलेली आहे. अताया म्हणजे चहाच, पण तीनदा उकळून तीनदा प्यायचा. पहिला पेला कडू, दुसरा बरा, तिसरा गोड. तिसरा होईपर्यंत कोणी उठत नाही आणि तो झाल्यावर उठण्यासारखं काम उरलेलं नसतं.

उरली लोकसंख्या. तिच्यात आमच्या गावाचा जीव अडकला होता. जिफाकोनच्या शाळेला खोली एकच. धाकटे वर्ग आंब्याखाली बसत, आणि आंबे पिकले की वजाबाकी सोडून दुसरं गणित चालत नसे. वरून कळवलं होतं की शिरगणतीत चारशे डोकी भरली तर दुसरी खोली मंजूर.

मोजायला आली यांदे. बाई हुशार, अक्षर मोत्यासारखं, फक्त जमातीने सेरेर. आम्ही जोला. सेरेर आणि जोला यांचं नातं थट्टेचं आहे. एकमेकांना खादाड म्हणायचं, आपला गडी म्हणायचं. जो रागावला तो हरला. शिवाय थट्टेच्या नातलगाने काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. (ही प्रथा सर्वांना इतकी ठाऊक आहे की शिरगणतीच्या नियमांत ती घालायचं कोणाला सुचलंच नाही.)

आमचा अल्कालो, म्हणजे गावचा पाटील, फामारा बाजी याने तिला खाट टाकून दिली.

"बस गं, खादाडे. वाटेत किती गावांचा भात संपवलास?"

"तुझ्यापुरता ठेवलाय, म्हाताऱ्या. आधी सांग, घरात माणसं किती?"

"बावीस."

"मी माणसं विचारली. जोला धरून नको सांगूस."

सगळं आवार हसलं. मी शाळेचा मास्तर, मला खोलीची काळजी. "यांदे, पोरी, मुलांसाठी तरी नीट मोज."

"मोजते हो, मास्तर. आपलीच गुरंढोरं, मोजायला नकोत?"

मोजली मात्र तिने चोख. बारसं न झालेलं तान्हं बाळसुद्धा सोडलं नाही. बेरीज आली तीनशे एक्क्याण्णव. नऊ डोकी कमी. दोघी-तिघींनी पोटातली मुलं देऊ केली, पण ती नियमात बसेनात.

फामाराने तिच्या हातात चहा दिला. "यांदे, सेरेर कोणाचे गडी?"

"कोणाचे नाहीत."

"जोलांचे. तुझ्या आजीला विचार. आणि गडी मोजायचे कुठे? मालकाच्या घरी. तुझ्या घरात माणसं किती?"

यांदेने पेला खाली ठेवला. "नऊ. आणि म्हाताऱ्या, तू चोर आहेस."

"असेन. तुझ्याकडे मागतोय. लिही."

नाही म्हणायची सोय नव्हती, रागवायचीही नव्हती. तिने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं.

राजधानीत तपासनिसाला जोलांच्या गावात नऊ सेरेर सापडले. तपासनीसही जोलाच. "पोहोचले एकदाचे मालकाकडे," एवढंच तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

खोली झाली. ती उघडली त्या सकाळी यांदे आई, नवरा, पाच मुलं आणि सासूसह फामाराच्या अंगणात उभी.

"काय गं, वाट चुकलीस?"

"चुकते कशाला? सरकारदरबारी आम्ही इथलेच. मुलं या शाळेत बसणार आणि आम्ही सगळे तुझ्याकडे जेवणार. खादाड आहोत ना?"

त्या दिवशी शेंगदाण्याच्या रश्श्याचं पातेलं खरवडून काढावं लागलं. पाहुणे पुढच्या अंगणात झोपडी बांधून राहिले, ते आजही तिथेच आहेत. इतर देशांत मोजणी चुकली तर आकडा दुरुस्त करतात. आम्ही आकडा तसाच ठेवला आणि माणसं आणली.

आता स्वाध्याय. तुमचा देश आमच्याहून मोठा असणार. त्यासाठी फारसं काही करावं लागत नाही. त्या एवढ्या लोकसंख्येत दुसऱ्या जमातीची अशी माणसं किती, ज्यांना तुम्ही तोंडावर खादाड म्हणालात तर ती पोलिसांत न जाता तुमच्या घरी जेवायला येतील? आकडा लिहा. शून्य आला तर घाबरू नका, सावकाश पुन्हा मोजा. तरीही शून्यच आला, तर तुमच्या शिरगणतीत कोणीतरी नुसतीच डोकी मोजलेली दिसतात.